बोट ठेवता येईल असे नकाशे

नकाशा फ्रेम करून भिंतीवर टांगला की लोक त्याच्याकडे चित्र म्हणून बघायला लागतात. चार फूट मागं उभं राहून रंग बघतात, "छान आहे" म्हणतात आणि पुढं सरकतात. तोच नकाशा टेबलावर पसरला तर माणूस खाली वाकतो, बोट ठेवतो आणि विचारतो, "आमचं घर कुठं?" गेल्या हिवाळ्यात आम्ही कोल्हापुरात चित्रकारांनी केलेल्या नकाशांचं एक समूह-प्रदर्शन भरवलं. आमची सगळी धडपड या दुसऱ्या प्रकारच्या बघण्यासाठी होती. ते कसं जुळून आलं, कुठं अडलं आणि कोणते निर्णय का घेतले ते सविस्तर लिहितेय. असं प्रदर्शन करू बघणारे काही जण विचारत असतात आणि फोनवर सगळं सांगून होत नाही.

कल्पना पुरातून आली. पंचगंगेचं पाणी मोजायची आमची जागा म्हणजे राजाराम बंधारा. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत प्रत्येकाच्या मोबाइलवर नकाशे फिरत होते, पण आपल्या दारात पाणी कधी येणार हे त्यातून कुणाला कळत नव्हतं. ते कळत होतं शेजाऱ्यांच्या बोलण्यातून. सुतारवाड्यात शिरलं की अमक्या गल्लीनं सामान वर चढवायचं, जामदार क्लबपाशी आलं की तमक्यांनी जनावरं हलवायची. माझी एक मैत्रीण लाकडी ठशांवरून छापचित्रं करते. तिनं ही वाक्यं वहीत उतरवून ठेवली होती. पूर ओसरल्यावर एकदा तिनं ती वही दाखवली आणि आम्हा दोघींनाही एकदमच दिसलं, की हा नकाशा आहे, फक्त अजून काढलेला नाही.

मग जाणवायला लागलं की असे न काढलेले नकाशे आपल्या भागात पुष्कळ आहेत. त्यांपैकी काहींना कागद, कापड, धागा, काय लागेल ते मिळवून द्यायचं असं ठरलं.

कलाकार गोळा करताना आम्ही जाहिरात दिली नाही. ओळखीच्या माणसांना विचारलं, त्यांनी पुढं विचारलं. शेवटी अकरा कामं उभी राहिली. करणाऱ्यांत कलामहाविद्यालयात शिकलेले अर्धेच होते. बाकीच्यांत इचलकरंजीचा एक विणकर, भुदरगड तालुक्यातल्या वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणाऱ्या बायका आणि जमीन मोजण्यात नोकरी घालवलेले एक निवृत्त भूकरमापक होते. त्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणायचो.

सुरुवातीच्या बैठकीतच मी एक अट घातली आणि शेवटपर्यंत ती सोडली नाही. प्रत्येक नकाशासोबत चार गोष्टी लिहून द्यायच्या: काढणारा कुठं उभा आहे, वरची दिशा कोणती, अंतर कशानं मोजलं आणि माहिती कुणी सांगितली. काही चित्रकारांना हे जाचक वाटलं. एकाचं म्हणणं होतं, "मी कलाकृती करतोय, मोजणी नव्हे." त्यावर बरीच चर्चा झाली. माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. नकाशाचा आकार घेऊन त्यात रंग भरले तर ते नक्षीकाम होतं. नकाशा काढणारा माणूस एक जबाबदारी घेतो: "हे इथं आहे" असं तो दुसऱ्याला सांगतो. चित्रकाराला त्यात हवं ते स्वातंत्र्य आहे, पण आपण काय सांगतोय हे त्याला ठाऊक असायला हवं. अंतर पावलांत मोजा, तासांत मोजा, एका विडीत मोजा. फक्त कशात मोजलं ते सांगा.

"वर उत्तरच का?" हाही प्रश्न त्याच बैठकीत आला. उरुग्वेचे चित्रकार होआकीन तोरेस गार्सिया यांनी १९४३ साली दक्षिण अमेरिकेचा नकाशा उलटा काढला, दक्षिण टोक वर ठेवून. त्याची प्रत मी सोबत नेली होती. अल् इद्रीसीचा बाराव्या शतकातला जगाचा नकाशाही दक्षिण वर धरूनच काढलेला आहे. आण्णांनी दोन्ही निरखून बघितले आणि म्हणाले, "उत्तर खाली गेली तर चालंल, पण बाण पायजेच." हाच आमचा नियम झाला.

आता कामांविषयी. सगळ्यांबद्दल लिहीत नाही, ज्यांच्यामुळे प्रदर्शनाला आकार आला त्यांच्याबद्दलच लिहिते.

पहिलं काम हरवलेल्या तळ्यांचं. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. रंकाळा आणि कोटितीर्थ टिकले, बाकीच्या अनेक तळ्यांवर आपण रोज चालतो आणि ते आठवत नाही. गांधी मैदान हे पूर्वीचं वरुणतीर्थ. कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना आपण एका तीर्थाच्या जागेवर उभे असतो. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं होतं. तळी बुजली, पण पाण्याला आपली जागा माहीत असते, म्हणूनच पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साचतं. शिवाजी पेठेतल्या एका चित्रकारानं हा नकाशा करायला घेतला. आजचे रस्ते त्यानं फिकट राखाडी रेषेत काढले आणि तळी नैसर्गिक निळीनं भरली. तळ्यांच्या कडांसाठी त्यानं जुने दस्त बघितले आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन जागेवर फिरला. आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रंही त्यानं पुरावा म्हणून वापरली. आबालाल कोटितीर्थाच्या परिसरात राहिले, तिथलं पाणी आणि प्रकाश त्यांनी वर्षानुवर्षं रंगवला. शाहू महाराज १९२२ साली गेल्यावर त्या दुःखात त्यांनी आपली पुष्कळ चित्रं त्याच तळ्यात सोडली असं कोल्हापुरात सांगतात. आमच्या चित्रकारानं कोटितीर्थाच्या निळ्यात आबालालांसाठी एक छोटी खूण केली आणि सूचीत तिचा अर्थ लिहिला. ती खूण मला अतिशय आवडते.

दुसरं काम वाकळीचं. या कामानं आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावला.

भुदरगडातल्या एका मुलीनं डिझाइनचं शिक्षण घेतलंय. तिच्या आजीच्या, म्हणजे आक्कांच्या, गावाचं शिवार वाकळीवर घ्यायचं असं तिच्या डोक्यात होतं. तिनं गाव नकाशाची प्रत मिळवली, गट नंबरांसकट मोठी केली आणि आक्कांसमोर पसरली. आक्कांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये तलाठ्याचं रान हाय, पोरी. आमचं न्हवं." त्यांच्या लेखी रानाला नंबर नसतो, नाव असतं: वडाचं, थोरली पट्टी, बाभळीचा माळ, म्हातारीचं टेक. मग नात आणि आक्का, शेजारच्या बायकांना घेऊन, बांधाबांधानं फिरल्या. कुठलं रान कुठल्या लुगड्याच्या तुकड्यानं दाखवायचं हे बायकांनी ठरवलं. ज्या घराचं रान, त्या घरातल्या बाईचं जुनं लुगडं. विकलेल्या रानांना उलटी बाजू वर घेऊन शिवलं. पाणंद दुहेरी धाग्यानं, ओढा तुटक धाव-टाक्यानं, कारण तो उन्हाळ्यात आटतो.

वाकळ पूर्ण झाली आणि खाली नाव कुणाचं लिहायचं हा प्रश्न आला. कल्पना नातीची, मूळ आराखडा तिचा, प्रदर्शनासाठी निवड तिची. शिवण मात्र आक्कांची आणि शेजारणींची, आणि नकाशातली माहितीही त्यांचीच. आम्ही आलिगिएरो बोएत्तीचं उदाहरण समोर ठेवलं. या इटालियन कलावंतानं १९७१ पासून १९९४ मध्ये मरेपर्यंत जगाचे नकाशे भरतकामात करून घेतले, प्रत्येक देश त्याच्या झेंड्याच्या रंगात. ते भरले अफगाण बायकांनी. आज जगभरच्या संग्रहालयांत ते बोएत्तीच्या नावानं लागतात, त्या बायकांची नावं सहसा दिसत नाहीत. नकाशे फार सुंदर आहेत, तरी ही गोष्ट मला सलते. आमच्या पाटीवर आम्ही शिवणाऱ्या प्रत्येकीचं नाव आधी लिहिलं आणि नातीचं नाव शेवटी, "मांडणी" या शब्दासह. नातीनंच तसा आग्रह धरला. समूह-प्रदर्शन करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की हा प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी विचारा. काम संपल्यावर विचारलात तर कुणाचं ना कुणाचं मन दुखतं.

तिसरं काम बीडहून आलेल्या एका मुलाचं. त्याचे आईवडील ऊसतोडणीला येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, फडावर कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घालते आणि हंगाम संपल्यावर परत जाते. हा मुलगा लहानपणी त्यांच्याबरोबर फिरला आणि पुढं कोल्हापुरात चित्रकला शिकायला राहिला. त्यानं आपल्या घराचा नकाशा काढला. उसाच्या चिपाडापासून हातानं केलेला कागद, एका कोपऱ्यात गाव, आणि प्रत्येक हंगामाची एक रेष त्या वर्षीच्या कारखान्याकडे गेलेली. कोणत्या कोपीत बहीण जन्मली, कुठं शाळा सुटली, कुठं बैल मेला, तिथं गाठ. "अंतर कशानं मोजलं?" या रकान्यात त्यानं लिहिलं, "उचलीनं". मुकादमाकडून त्या वर्षी आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, जितकी मोठी, तितकी रेष लांब. त्यामुळे जवळचा कारखाना कागदावर लांब गेला आणि लांबचा जवळ आला. अकरा कामांत प्रमाणाचा विचार इतक्या खोलवर नेणारं दुसरं काम नव्हतं.

किरणोत्सवाचा नकाशा एका स्थापत्य शिकणाऱ्या मुलीनं केला. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. वाटेत इमारतींचे, पाण्याच्या टाक्यांचे, फलकांचे अडथळे आले की किरणं अडतात आणि शहरात चर्चा होते. तिनं त्या किरणांची वाट पश्चिमेपासून गाभाऱ्यापर्यंत एका लांब अरुंद पट्टीवर काढली, वाटेतल्या प्रत्येक छपराच्या उंचीसह. विणकराचा नकाशा मागांच्या आवाजाचा होता, तोही उत्तम झाला. आणि छापचित्रकार मैत्रिणीचा पुराचा नकाशा तर होताच. त्यात १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ या चार पुरांचे चार निळे ठसे एकावर एक.

एका चित्रकाराचं काम भारताच्या नकाशावर होतं. इथं मला कायद्याची बाजू बघावी लागली. भारताची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली गुन्हा आहे. त्यात १९९०ची दुरुस्ती धरून सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चित्रकारानं आठवणीतून बाह्यरेषा काढली होती. आम्ही सर्वेक्षण विभागाचा अधिकृत नकाशा उतरवून घेतला आणि त्यानं बाह्यरेषा त्यावरून पुन्हा घेतली. कामाचा गाभा आतल्या आगगाडीच्या वाटा हा होता, त्याला धक्का लागला नाही. तेव्हाच रेषेच्या जोखमीवरही बोलणं झालं. अलीगढला जन्मलेल्या झरीना यांनी २००१ साली लाकडी ठशातून फाळणीची रेषा छापली: कोऱ्या कागदावर एक काळी, वेडीवाकडी रेघ. एवढ्याच रेघेत किती माणसं मावतात हे ज्याला कळलं, तो सीमारेषा निष्काळजीपणे ओढणार नाही.

ज्यांनी आजच्या रस्त्यांचा आधार घेतला, त्यांना आम्ही ओपनस्ट्रीटमॅप वापरायला सांगितलं. तो सामान्य माणसांनी मिळून केलेला आहे आणि श्रेय दिलं की वापरता येतो. प्रत्येक पाटीवर ते श्रेय न चुकता लिहिलं.

पैसे वर्गणीतून आणि थोडे देणगीतून उभे राहिले. एका देणगीदारानं नकाशात आपलं दुकान ठळक दाखवायची इच्छा व्यक्त केली. आम्ही आभाराच्या फलकावर नाव देऊ केलं आणि नकाशात काय दिसावं हे चित्रकारच ठरवेल असं सांगितलं. देणगी निम्मी झाली, ती आम्ही आनंदानं घेतली. खर्चाचा मोठा वाटा ॲक्रिलिकच्या शीट्स आणि दिवे यांनी खाल्ला.

जागा दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन. तिथलं कलादालन घ्यायचं हे सुरुवातीलाच मनात होतं, कारण सुतारवाडा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. पुराच्या नकाशासमोर उभं राहिलेला माणूस त्या नकाशातच उभा असतो. हिवाळा निवडला तो कागदासाठी. आमच्याकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, फुगतो, बुरशी येते. हातकागदाचं आणि नैसर्गिक रंगांचं काम त्या हवेत उघडं ठेवणं मला पटत नव्हतं.

मांडणी हा माझ्या जिवाचा विषय. कलादालनांत चित्राचा मध्य साधारण ५७ इंचांवर धरतात, उभ्या माणसाच्या नजरेसमोर. आम्ही भिंतीवरची कामं ४८ इंचांवर आणली. त्यामुळे मोठ्यांना किंचित वाकावं लागलं आणि शाळेतल्या पोरांना टाचा वर कराव्या लागल्या नाहीत. निम्मी कामं भिंतीवर लावलीच नाहीत. मांडववाल्याकडून टेबलं आणून ती त्यांवर आडवी ठेवली, भोवती चारी बाजूंनी फिरता येईल अशी. काच टाळली, कारण काचेत वाकणाऱ्याचा चेहरा दिसतो, नकाशा दिसत नाही. ॲक्रिलिकमध्येही चमक असते, पण दिवे कडेनं आणि तिरपे लावले की ती बरीच कमी होते. कागदावरच्या नाजूक रंगांना ५० लक्सच्या वर उजेड देऊ नये असा संग्रहालयांचा दंडक आहे. वाचायला मात्र उजेड हवा. शेवटी बारीक अक्षरांच्या नकाशांपाशी दोऱ्यानं बांधलेली भिंगं ठेवली आणि दिवे मंदच ठेवले. लोकांना भिंगं फार आवडली.

कामांचा क्रम विषयानुसार लावला नाही, अंतरानुसार लावला. दारात जमिनीवर लाल टिकली आणि "तुम्ही इथं आहात" ही ओळ. मग पुराचा नकाशा, म्हणजे हाच चौक. पुढं शहरातली तळी आणि किरणांची वाट, मग भुदरगड, इचलकरंजी, मग बीड, आणि सगळ्यात शेवटच्या भिंतीवर भारत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलेला माणूस आपल्या पायाखालून निघून देशापर्यंत पोचत होता.

स्पर्शाचा नकाशा हे या सगळ्याचं टोक म्हणायला हवं. दोन शिल्पकारांनी महाद्वार रोडचा नकाशा दृष्टिहीन मुलांच्या मदतीनं बनवला. रस्ता खरखरीत, फुटपाथ गुळगुळीत, फुलांच्या दुकानांपाशी काथ्या, पायऱ्यांपाशी खरोखरच्या छोट्या पायऱ्या, नावं ब्रेलमध्ये. पहिला नमुना मुलांनी नाकारला. त्यांचं म्हणणं, यात फार काही आहे, बोटं गोंधळतात. अर्ध्या गोष्टी काढल्यावर तो वाचता यायला लागला. काय गाळायचं हे नकाशात किती महत्त्वाचं असतं, ते आम्ही त्या मुलांकडून शिकलो. त्या टेबलावर आम्ही मुद्दाम पाटी लावली, "हात लावून बघा". कलादालनात आयुष्यभर "हात लावू नये" वाचलेली माणसं तिथं आधी घुटमळत आणि मग डोळे मिटून बोटं फिरवत.

उद्घाटनाला दीपप्रज्वलन नको, साखळी हवी असं सगळ्यांच्या मनात आलं. आण्णांनी जुनी शंकू साखळी जपून ठेवली होती. तेहतीस फूट लांब, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची. ती त्यांनी दालनात खणखणत पसरली आणि मुलांना सांगितलं, "ही एक बाजू, ही दुसरी. तेहतीस गुणिले तेहतीस, झाला एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हंजे एकर." मुलांनी साखळी धरून दालनाची मोजणी केली, हिशेब फळ्यावर मांडला, आणि प्रदर्शन सुरू झालं. आण्णांचा स्वतःचा नकाशा टिपणाच्या, म्हणजे मोजणी करताना जागेवर काढतात त्या कच्च्या नकाशाच्या, पद्धतीचा होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी मोजलेलं एक गाव त्यांनी आठवणीतून काढलं होतं. शिवेचे दगड अचूक, आणि दुपारी ज्या आंब्याखाली भाकरी खाल्ली तो आंबाही अचूक. सरकारी टिपणात त्या आंब्याला जागा नव्हती.

लोक किती आले याचा आकडा आम्ही धरला नाही. ते किती वेळ थांबले हे मात्र बघितलं, आणि माणसं थांबत होती. पुराच्या नकाशापाशी सुतारवाड्यातल्या एका काकूंनी आपल्या घरावर बोट ठेवलं आणि सुनेला २०१९चं पाणी कुठल्या खिडकीपर्यंत होतं ते दाखवलं. मग शेजारच्या अनोळखी माणसानं आपली खिडकी दाखवली. दोघं बराच वेळ बोलत राहिले. ऊसतोडीच्या नकाशासमोर एक ऊस बागायतदार उभे होते. त्यांनी त्या मुलाला बोलावून गाठींचा अर्थ विचारला, एकेक करत सगळ्या गाठींचा. मुलगा सांगत गेला. त्यांनी काही प्रतिक्रिया दिली नाही, पण दुसऱ्या दिवशी मुलग्याला घेऊन आले.

सगळ्यात जास्त गर्दी तळ्यांच्या टेबलाभोवती. त्या नकाशावर आम्ही ट्रेसिंग पेपरचे ताव ठेवले होते आणि पेन्सिली. ज्याला वाटेल त्यानं दुरुस्ती करायची, खाली नाव आणि पेठ लिहायची. ताव भरत गेले. कुणी तळ्याची कड सरकवली, कुणी विहीर वाढवली, कुणी वडिलांकडून ऐकलेला घाट काढला. दोन पेठांच्या मंडळींत एका पाणवठ्यावरून खडाजंगी झाली, दोघांनीही आपापली रेघ काढली, आणि चित्रकारानं दोन्ही ठेवल्या. "रेघ खोडायची न्हाई, नाव लिहायचं," असं तोच सगळ्यांना सांगत होता.

विक्रीबद्दल सुरुवातीपासून स्पष्टता ठेवली होती. ज्याला विकायचं त्यानं किंमत लिहावी, आम्ही त्यातून काही घेणार नाही. किरणोत्सवाची पट्टी आणि पुराच्या छापचित्राच्या काही प्रती गेल्या. वाकळीला दोघांनी विचारलं, चांगला भाव सांगितला. आक्कांनी नकार दिला. थंडी होती आणि वाकळ त्यांना पांघरायला हवी होती. प्रदर्शन उतरवल्यावर ती नात स्वतः एसटीनं घेऊन गेली. स्पर्शाचा नकाशा ज्या मुलांनी तपासला त्यांच्याच शाळेत ठेवला.

उतरवायचं काम उभारण्याइतकंच नीट करावं लागतं. प्रत्येक कामाची येतानाची अवस्था आम्ही फोटोसह नोंदवली होती, जाताना तीच यादी पुढं ठेवून तपासली आणि सही घेतली. हातकागदाच्या मध्ये आम्लविरहित कागद घातला, कापडं दुमडली नाहीत, नळीवर गुंडाळली. नवीन गटांनी ही यादी आळस न करता करावी. परक्याचं काम आपण ताब्यात घेतो तेव्हा एवढं त्याचं देणं लागतं.

तळ्यांवरचे ट्रेसिंग पेपर चित्रकारानं घरी नेले. ते एकावर एक ठेवून आता तो नकाशा पुन्हा काढतोय. ज्या कडांवर तीनचार जणांचं एकमत आहे त्या भरीव रेषेत, जिथं वाद आहे तिथं तुटक रेषेत, आणि रेघ ज्यानं सुचवली त्याचं नाव सूचीत. नवी आवृत्ती पावसाळ्याआधी व्हावी असा त्याचा प्रयत्न आहे. गांधी मैदानात पाणी साचलं की तो नकाशा हातात घेऊन कडेकडेनं चालायचं आणि पाणी कुठपर्यंत येतं ते ताडून बघायचं असं ठरलंय. साखळी घेऊन आण्णा येणार आहेत.